आपल्या गावच्या जुन्या स्काऊट पथकाचा इतिहास लिहायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बऱ्याच शाळांची स्काऊट पथकं आता पंचाहत्तरी किंवा शंभरीच्या घरात आलीयत, माजी स्काऊट्सचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालेत, स्मरणिका काढायचं ठरतं आणि मग फोन सुरू होतात. प्रश्न जवळपास तेच असतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या पथकातला, आधी स्काऊट होतो मग रोव्हर (म्हणजे मोठ्या मुलांचा स्काऊट), आणि हल्ली पथकाचं जुनं दप्तर माझ्याकडे असतं.

आमचं पथक 'महाराष्ट्रातलं पहिलं' असं सगळे सांगतात. तसं छापू का?

कागद असेल तर जरूर छापा. नसेल तर 'आमच्या गावातलं सर्वात जुनं' एवढं लिहा, त्याने पथकाचा मान कणभरही कमी होत नाही. पहिलं कोण हा वाद खुद्द ब्रिटनमध्येही मिटलेला नाही. ग्लासगोच्या पहिल्या पथकाकडे २६ जानेवारी १९०८ तारखेचं नोंदणीचं सर्टिफिकेट आहे, म्हणून मान त्यांना देतात, पण त्याच्या दोनच दिवस आधी, २४ जानेवारीला, बर्कनहेडच्या वायएमसीएत खुद्द स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल जाऊन पथकाचं उद्घाटन करून आले होते, त्यामुळे तेही आपला हक्क सोडत नाहीत. आणि या दोघांच्याही आधी १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचा तो पहिला प्रायोगिक कॅम्प झालाच होता, वुल्व्ह्ज, बुल्स, कर्ल्यूज आणि रेव्हन्स अशा चार संघांचा (संघ म्हणजे पथकातली मुलांची छोटी तुकडी).

आपल्याकडचं म्हणाल तर स्काऊटच्या इतिहासात १९१०-११ च्या सुमाराला पुण्याजवळ खडकीला, लोणावळ्याला आणि मुंबईला पथकं सुरू झाल्याची नोंद आहे. म्हणजे 'महाराष्ट्रातलं पहिलं' म्हणायचं तर तुम्हाला त्याच्याही मागे जावं लागेल.

खडकी आणि लोणावळाच का?

खडकीला लष्कराची छावणी होती आणि लोणावळ्यात रेल्वेची मोठी वसाहत. भारतातलं पहिलं पथक कॅप्टन टी. एच. बेकर यांनी १९०९ मध्ये बंगलोरला काढलं, तेही कॅन्टोन्मेंटचंच गाव. मग जबलपूर, मद्रास, सिमला. जिथे साहेबाची मुलं होती तिथे स्काऊट आलं, कारण ही पथकं फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठीच होती. मुलींची पहिली गाईड कंपनी १९११ ला जबलपूरला निघाली, तीही तशीच.

हिंदी म्हणजे भारतीय मुलांना का घेत नव्हते?

सरकारला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. माग काढणं, नकाशा वाचणं, खुणांनी निरोप देणं, रात्री उघड्यावर राहणं आणि संघ म्हणून एकदिलाने काम करणं हे सगळं बंगाल-महाराष्ट्रातल्या पोरांना शिकवलं तर ती उद्या कुठल्या बाजूला जातील याची धास्ती होती, आणि तो काळ बघितला तर ही धास्ती कुठून आली ते कळतं.

पण आपली माणसं थांबली नाहीत. मध्य प्रांतात विव्हियन बोस यांनी १९१३ मध्ये हिंदी मुलांसाठी स्काऊटिंग सुरू केलं. हे नाव विदर्भातल्या पथकांनी तरी लक्षात ठेवायला हवं, नागपूरच्या सर बिपिन कृष्ण बोस यांचे हे नातू, पुढे नागपूर हायकोर्टाचे चीफ जस्टिस झाले आणि मग सुप्रीम कोर्टात गेले. मद्रासला १९१६ मध्ये अ‍ॅनी बेझंट बाईंनी अरुंडेल यांना सोबत घेऊन इंडियन बॉय स्काऊट्स असोसिएशन काढली, डोक्याला साहेबी हॅटऐवजी फेटा आणि गाणी आपल्या चालींवरची. आणि अलाहाबादला मालवीयजी, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांची सेवा समिती स्काऊट संघटना १९१७-१८ च्या सुमाराला उभी राहिली, मेळ्या-जत्रांत हरवलेली माणसं शोधणं, गर्दी सांभाळणं, पाणी देणं ही त्यांची मोठी कामं. आजही यात्रेला पोलिसांच्या बरोबरीने स्काऊटची पोरं दोर धरून उभी दिसतात, ती परंपरा तेव्हाची.

आमच्या जुन्या कागदांवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या संघटनेचं नाव आहे. हे एकच पथक धरायचं का वेगवेगळी?

मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर नीट समजून घेतलं तर पथकाचा निम्मा इतिहास आपोआप उलगडतो.

१९२१ मध्ये बेडन पॉवेल हिंदुस्थानात आले तेव्हा सगळ्या संघटना एक कराव्यात असा प्रयत्न झाला. बेझंट बाईंची संघटना बेडन पॉवेल यांच्या मूळ बॉय स्काऊट्स असोसिएशनमध्ये आली, सेवा समिती बाहेरच राहिली. कळीचा मुद्दा स्काऊट होताना घ्यायच्या वचनाचा होता, त्यात राजाशी निष्ठा होती, आणि ज्या घरात खादी वापरली जात होती त्या घरातल्या मुलाने ते वचन तीन बोटं वर करून म्हणायचं कसं? पुढे १९३७ ला बेडन पॉवेल परत आले, दिल्लीला जांबोरी म्हणजे स्काऊट्सचा मोठा मेळावा झाला, आणि त्यानंतर हिंदी लोकांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यावरून देशभर चीड उसळली. पुष्कळ मंडळी बाहेर पडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन निघाली. ज्या माणसाने ही एवढी सुंदर चळवळ दिली त्यानेच असं लिहावं याचं वाईट वाटतं, पण ते लपवू नका, इतिहासात ते यायलाच हवं.

स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला मुलांच्या संघटना एक होऊन भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सही त्यात आल्या. म्हणून ७ नोव्हेंबरला स्थापना दिवस.

तर तुमच्या १९३० च्या पावत्यांवर एक नाव, १९४० च्या पत्रांवर दुसरं आणि १९५५ च्या रजिस्टरवर तिसरं असेल तर घाबरू नका. शाळा तीच, पोरं तीच, सर तेच असतील तर पथक एकच. फक्त कुठल्या वर्षी नाव बदललं ते शोधा, कारण १९३८-३९ मध्ये बदललं असेल तर त्या वेळच्या सरांनी, हेडमास्तरांनी किंवा मॅनेजिंग कमिटीने जाणूनबुजून एक बाजू घेतली होती, सरकारी ग्रँटवर चालणाऱ्या शाळेत हे सोपं नव्हतं. अशा एका ठरावाची नक्कल मिनिट बुकात सापडली तर ती पूर्ण छापा, स्मरणिकेतलं सर्वात मोलाचं पान ते असेल.

आमचं गाव मराठवाड्यात / विदर्भात आहे. जुने कागद मुंबईला मिळतील का?

बहुतेक नाही. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं. त्याआधी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांतात म्हणजे मध्य प्रदेशात, आणि राजधानी नागपूर. कोल्हापूर, सांगली, औंध, भोर ही सगळी संस्थानं होती. त्यामुळे आधी 'त्या वर्षी आपलं गाव कुणाच्या हद्दीत होतं' हे बघा आणि मग कागदाच्या मागे लागा. पुराभिलेखागार मुंबईला आहे, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, आणि पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथेही आहेत. पण खरं सांगू, सरकारी कपाटात पथकाबद्दल एखाद-दुसरी ओळ मिळते, खरा माल शाळेच्या माळ्यावर आणि लोकांच्या घरी असतो.

आमच्याकडे एक जुना ग्रुप फोटो आहे, तारीख नाही. साल कसं ठरवायचं?

बॅज बघा. भिंग घ्या किंवा फोटो स्कॅन करून मोठा करा. बॅजवर मधोमध अशोकचक्र दिसलं तर फोटो १९५० नंतरचा, यात वाद नाही. मग कपडे. जुना युनिफॉर्म खाकी, रुंद काठाची हॅट, नंतर स्टील ग्रे शर्ट आणि नेव्ही ब्लू पँट, डोक्याला बेरे. फोटो ब्लॅक अँड व्हाईट असला तरी शर्ट आणि पँट एकाच छटेची आहे का वेगळी, हे कळतं, त्यावरून अंदाज येतो. सर्टिफिकेटवर 'किंग्ज स्काऊट' असेल तर ते इंग्रजांच्या काळातलं, 'राष्ट्रपती स्काऊट' असेल तर नंतरचं.

मागची भिंत पण बघा. शाळेची नवी इमारत कधी झाली, ते वडाचं झाड कधी पडलं, हे गावात कुणालातरी पक्कं माहीत असतं.

फोटोत हाफ पँट घातलेली मुलं रांगेत उभी आहेत, ती स्काऊटच ना?

नसतीलही. सेवा दलाची असू शकतात, शाळेच्या ड्रिलची असू शकतात, १९४८ नंतरचा फोटो असेल तर एनसीसीची असू शकतात. राष्ट्र सेवा दल १९४१ पासूनचं, आणि गावात बऱ्याचदा तीच पोरं सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे जायची. स्कार्फ आणि वॉगल (स्कार्फ गळ्याशी अडकवायची कडी) आहे का बघा, हातात फूट-इंचाच्या खुणांची काठी आहे का, संघाचा छोटा झेंडा आणि त्यावर वाघ, मोर, गरुड असं काही काढलंय का. यातलं काहीच नसेल तर फोटोखाली 'बहुधा' लिहा.

जुनी रजिस्टरं सापडली. त्यात नक्की काय शोधायचं?

आधी हजेरी, मग संघाची लॉगबुकं, मग कोर्ट ऑफ ऑनरच्या (संघनायकांच्या मंडळाच्या) मिटिंगची वही, मग हिशोब. या क्रमाने वाचा. बहुतेक लोक उलटं करतात, आधी प्रमुख पाहुण्यांचे फोटो आणि अहवाल काढतात आणि लॉगबुक 'पोरांचं लिखाण' म्हणून बाजूला ठेवतात, आणि मग स्मरणिकेत पानभर पाहुण्यांची नावं येतात पण पथकात मुलं करत काय होती ते शेवटपर्यंत कळत नाही.

आमच्या पथकाच्या गरुड संघाची एक वही आहे. दोनशे पानी, कापडी पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली शाई शाबूत. संघनायक लिहायचा आणि दर आठवड्याला खाली सर लाल पेन्सिलीने सही करायचे. एका पानावर कॅम्पची नोंद आहे, मुलाने लिहिलंय की चूल वाऱ्याच्या तोंडाला मांडली म्हणून भात खालून लागला आणि वरून कच्चा, आमटी मात्र चांगली झाली कारण शेजारच्या मळ्यातल्या आजींनी येऊन फोडणी दिली, आणि त्या बदल्यात संघाने त्यांच्या विहिरीवरचा तुटका रहाट दोराने बांधून दिला. त्या खाली चौकोनी बंधनाची आकृती काढलीय, कुठला वेढा कुठून गेला ते बाण काढून दाखवलंय. आणि लाल पेन्सिलीने एवढंच, 'चूल कुठे मांडावी ते पुढच्या वेळी आधी गवत उडवून बघणे.'

स्काऊटिंग म्हणजे काय हे सांगायला मला याच्यापेक्षा चांगलं पान कुठल्याच अहवालात मिळालेलं नाही. सर ओरडले नाहीत, स्वतः चूल मांडून दिली नाही, पुढच्या वेळी काय करायचं तेवढं लिहिलं. संघपद्धत हीच आहे, सहा-आठ पोरांचा संघ, त्यांच्यातलाच एक नायक, आणि जबाबदारी खरोखर त्याच्यावर टाकायची. तुमच्या पथकाच्या वहीत असं एखादं पान असणारच, ते शोधा आणि फोटो काढून आहे तसं छापा, शुद्धलेखन सुधारू नका.

जुन्या वह्यांत टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास लिहिलंय, आजच्या भाषेत काय?

साधारण प्रवेश आणि त्यापुढचे सोपान, म्हणजे परीक्षांच्या पायऱ्या. आज क्रम असा आहे, प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. एकास एक जुळत नाही म्हणून जुनं नाव तसंच ठेवा. वहीत एचडब्ल्यूबी दिसलं तर ते हिमालय वूड बॅज, म्हणजे सरांनी वरचं ट्रेनिंग पूर्ण केलेलं, आणि गळ्यात लाकडी मण्यांची चामडी दोरी. मध्य प्रदेशातल्या पचमढीला संस्थेचं राष्ट्रीय ट्रेनिंग सेंटर आहे, पुष्कळ सर तिथले. त्यांचे तिथले ग्रुप फोटो घरी असतात, विचारा.

कब आणि बुलबुलचा (लहान मुलांच्या आणि मुलींच्या पथकांचा) इतिहास वेगळा लिहायचा का?

पॅक वेगळं सुरू झालं असेल तर वेगळं, थोडक्यात. कबची कल्पना १९१६ ची, किपलिंगच्या जंगलातल्या गोष्टींवर उभी, आणि ते जंगल सिवनीचं, नागपूरहून काही तासांवर. लहान पोरांना हे सांगितलं की डोळे चमकतात.

मुलींच्या गाईड पथकाबद्दल काहीच सापडत नाही. काय करायचं?

शोधायचं! हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण शंभरातल्या नव्वद स्मरणिकांत गाईड्सना शेवटचं अर्धं पान मिळतं. कागद कमी आहेत हे खरं, कारण गाईड कॅप्टन बाईंची बदली व्हायची, लग्न होऊन त्या दुसऱ्या गावी जायच्या आणि वह्या त्यांच्यासोबत जायच्या. मुलींची तर आडनावंच बदललेली, जुन्या रजिस्टरवरून आज त्यांना शोधणं अवघड. त्यामुळे इथे कागदाआधी माणसं गाठा. माजी विद्यार्थिनींच्या एका ग्रुपवर 'गाईडमध्ये कोण कोण होतं, संघाचं नाव काय होतं?' एवढा मेसेज टाका, गाईडच्या संघांना बहुधा फुलांची नावं असतात, आणि जाई-जुई-कमळ करत करत दोन दिवसांत सगळा संघ जमा होतो.

आणि आपण महाराष्ट्रातले, आपल्याला तर याचं विशेष वाटायला हवं. जगभरच्या गाईड्सची मोजकी जागतिक केंद्रं आहेत, एक स्वित्झर्लंडला, एक मेक्सिकोत, एक लंडनला आणि एक आपल्या पुण्यात, आळंदी रोडवर, त्याचं नाव संगम. १६ ऑक्टोबर १९६६ ला लेडी ओलेव्ह बेडन पॉवेल यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तुमच्या शाळेतल्या कुणी ना कुणी गाईड तिथे कॅम्पला गेल्या असतील, परदेशी मुलींबरोबरचा एखादा फोटो किंवा पत्र नक्की निघेल.

खरी कमाईचे जुने हिशोब छापण्यात काही अर्थ आहे का?

खूप आहे. स्काऊट-गाईडमध्ये गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला बाकी काही आठवो न आठवो, खरी कमाई आठवते. भेळ, लिंबू सरबत, कोथिंबिरीच्या जुड्या, सायकली धुणं, शेंगा निवडून देणं. हिशोबाच्या वहीत मुरमुऱ्यांचा भाव काय, लिंबं डझनाला कितीला, नफा किती आणि तो कुठे गेला हे सगळं असतं. त्यातून त्या वर्षीचा गावचा बाजार दिसतो, आणि पैसे तंबूला गेले, दुष्काळ फंडाला गेले का सैनिकांना गेले यावरून पथकाचं मन दिसतं. पाच-दहा वर्षांच्या अंतराने एकेक पान निवडा.

मध्ये काही वर्षं पथक बंद होतं. मग 'अखंड ७५ वर्षं' लिहायचं की नाही?

नाही. 'स्थापना अमुक साली, मध्ये अमुक ते अमुक बंद, पुन्हा सुरू अमुक साली' असं सरळ लिहा. पथक बंद पडतं ते बहुतेकदा एकाच कारणाने, सर रिटायर होतात किंवा बदली होते आणि ट्रेनिंग झालेलं दुसरं कुणी नसतं. स्काऊटमास्तर हा शाळेतला असा माणूस असतो की जो आपला रविवार, सुट्टी आणि बऱ्याचदा खिशातले पैसेही देतो, आणि त्याचं वेगळं मानधन नसतं. तो गेला की पुढचा मिळेपर्यंत खंड. ही खंडाची वर्षं लपवली तर ज्या माणसाने बंद पथक परत उभं केलं त्याची कामगिरीच पुसली जाते. माझ्या मते पथक पुन्हा सुरू करणारा हा स्थापना करणाऱ्याइतकाच मोठा, आणि त्याचा फोटो त्याच आकारात छापायला हवा.

नंबरावरून पण फसू नका. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते, ती चुकली की जुना नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो, त्यामुळे छोटा नंबर म्हणजे जुनं पथक असं समीकरण नाही.

जुन्या सरांशी बोलायला जायचंय, काय विचारू?

'आठवणी सांगा' असं विचारू नका, ते भाषण देतील. वस्तू घेऊन जा. जुना फोटो, दोराचा तुकडा, एखादा स्कार्फ. दोर हातात दिला की सर बोलता बोलता बोलाइन मारून दाखवतात आणि मग कुठल्या पोराला ती गाठ कधीच जमली नाही ते सांगतात, आणि तिथून पुढे सगळं येतं. सामान कुठे ठेवायचात, कॅम्पला जायला एसटी मिळायची का ट्रक, कुणाच्या घरून परवानगी मिळत नव्हती, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची का, असं नेमकं विचारा. हा शेवटचा प्रश्न तर विचाराच, कॅम्पमध्ये एका चुलीवर शिजवून एकत्र जेवणं ही पन्नास-साठ वर्षांपूर्वी बऱ्याच गावांत साधी गोष्ट नव्हती, आणि कुठल्या पथकाने ती कशी निभावली हे लिहून ठेवायलाच हवं.

मोबाईलवर रेकॉर्ड करा, आधी विचारून. आणि उशीर करू नका. १९५० च्या विलीनीकरणाच्या वेळी जे स्काऊट होते ते आज पंचाऐंशी-नव्वदीला आहेत.

कागद आणि फोटो सांभाळायचे कसे?

लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. स्टेपलच्या पिना गंजतात त्या हळूच काढा. फोटो ६०० डीपीआयला आणि कागद ३०० ला स्कॅन केले तरी पुरेसं आहे. मूळ वही शाळेकडे, स्कॅनची एक प्रत जिल्हा संस्थेकडे आणि एक माजी स्काऊटपैकी कुणाकडे तरी. घरून आणलेला फोटो स्कॅन करून त्याच आठवड्यात परत करा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी देत नाही.

सगळ्यांची नावं छापायची का?

फोटोतली नावं ओळखून घ्यायला सोपा मार्ग म्हणजे फोटोची मोठी प्रिंट काढून माजी विद्यार्थी मेळाव्यात टेबलावर ठेवायची, वर ट्रेसिंग पेपर आणि बाजूला पेन्सिल, लोक आपणहून चेहऱ्यावर नंबर आणि खाली नाव लिहितात, आणि कुणी चुकीचं लिहिलं तर शेजारचा लगेच दुरुस्त करतो. हयात माणसांना छापण्याआधी एक फोन करा. शिक्षा, भांडणं, घरची गरिबी असं काही वहीत असेल तर नाव वगळून प्रसंग ठेवा. आणि जी नावं सापडली नाहीत त्यांच्या जागी 'नाव मिळाले नाही' असं छापा, जागा मोकळी ठेवा. स्मरणिका घरोघरी गेली की त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून कुणीतरी फोन करतंच, की हे माझे काका.